एका माणसापुरता उजेड

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

परत पाठवलं! तानाबाईंना परत पाठवलं. आणि ते सांगायला कुणाला पुढं केलं? मला!

सकाळी साडेसहाला सेंटर उघडलं. पाच पेशंट, पाचही उपाशी. पेट स्कॅनचं औषध हैदराबादहून गाडीनं येतं, नऊपर्यंत यायला हवं. साडेनऊला ड्रायव्हर चनबसप्पाचा फोन. "मॅडम, हायवे अडिवलाय. कुनीतरी मोठा नेता यायलाय. पोलीस पुढं सोडंनात." म्हटलं, गाडीत काय आहे ते सांगा की त्यांना. "सांगितलं की. म्हनतेत, दूधवाला बी हेच सांगतोय."

दूध! दूध निदान दिवसभर तरी टिकतं. हे औषध दोन तास व्हायच्या आत निम्मं होतं. पुढच्या दोन तासांत त्याचं निम्मं. शिशाच्या डब्यात बंद, कुणी हात न लावता, गाडी जागची हलली नाही तरी ते संपत जातं. कुणाचा ताफा जायचाय म्हणून ते थांबत नाही.

गाडी आली तेव्हा बारा वाजून गेले होते. मोजलं. दोघांपुरतं उरलं होतं. पहिल्या दोघांना दिलं आणि तिघांना घरी जा म्हणून सांगितलं. तानाबाई तिसऱ्या.

सांगोल्याच्या पुढं कुठल्याशा वस्तीवर राहतात. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, उपचार मागच्या वर्षी संपले, आता कुठं काही उरलंय का ते बघायचं. जानेवारीत आल्या तेव्हा एसटी स्टँडवर कुणीतरी मायेनं गोड चहा पाजला होता. रक्तात साखर चढली, स्कॅन झाला नाही. ह्या वेळी बिचारीनं पाणीसुद्धा भीत भीत प्यायलं. आणि तरी परत!

मी सांगितलं तर हसून म्हणाल्या, "असू दे पोरी. तू तरी काय करशील?"

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर आणखी बरं.

मंजुनाथ सर म्हणाले, गुरुवारी पहिला नंबर त्यांचा. सर म्हणजे आमचे डॉक्टर, सेंटरचे मुख्य. फाइलवर स्वतः लिहून सही केली. ते लिहिताना माझ्याकडं बघितलं मात्र नाही.

४ फेब्रुवारी

कालचं अजून डोक्यातून जात नाही.

तानाबाईंचे मालक, मायाप्पा, काल जाताना दारात थांबले. मेंढरं शेजाऱ्याच्या गळ्यात घालून आलेला माणूस. डोक्याला पटका, हातात पिशवी. विचारलं, "ते औषद गाडीतच इरतंय म्हनता. मग जातंय कुटं? सांडलं न्हाई, उडालं न्हाई."

काय सुंदर प्रश्न! आणि मी काय उत्तर दिलं? "बाबा, ते तसंच असतं." लाज वाटली स्वतःची.

कॉलेजात आमच्या सरांनी बीएस्सीच्या वर्गात फळ्यावर ते सूत्र लिहिलं होतं. वस्तुमान गुणिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग. मी हात वर केला, विचारलं, वस्तू जागची हलत नसेल तरी? सर म्हणाले, "दोन मार्कांना येतं. लिहून घे." संपलं! जगातली एवढी मोठी गोष्ट, दोन मार्कांत गुंडाळली. नुसती पडून असलेली वस्तू, न तापलेली, न फिरणारी, तरी तिच्या असण्यातच केवढी ऊर्जा. माझ्या ह्या पेनाच्या टोपणाचं सगळं वजन ऊर्जेत बदललं तर सोलापूरला कित्येक दिवस वीज पुरेल. बदलता येत नाही, ते वेगळं. पण आहे!

आणि आमच्या मशीनमध्ये ते खरंच होतं. दर सोमवारी, दर गुरुवारी होतं. ते मला कुणी सांगितलं नाही, मी नोकरीला लागल्यावर समजून घेतलं. औषधातून एक कण बाहेर पडतो, पॉझिट्रॉन. जेमतेम मिलिमीटरभर इकडंतिकडं धडपडतो, दमतो, जवळजवळ थांबतो. तिथं त्याला इलेक्ट्रॉन भेटतो आणि दोघंही नाहीसे होतात. त्यांचं वजनच प्रकाश होतं. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. दोन किरण, एक इकडं, एक बरोबर उलट्या दिशेला. मशीनची गोल कडी ते दोन्ही धरते आणि सांगते, इथं घडलं. म्हणजे कुठं जातं त्याचं उत्तर हे की उजेड होऊन जातं, बाबा. काल तुमच्या बायकोच्या वाट्याचा उजेड त्या हायवेवर गाडीतल्या गाडीत गेला. कुणाच्याच उपयोगी न पडता!

५ फेब्रुवारी

दिग्विजय आमचा मॅनेजर, सेंटरच्या ट्रस्टींचा पुतण्या. आज म्हणतो, "पेशंटसमोर चेहरा पाडायचा नाही." चेहरा माझा आहे!

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज झोप येणार नाही. भीतीनं नाही. रागानं.

तानाबाई सातलाच हजर. साखर बरोबर होती. वजन अडतीस किलो. हातात सुई बसवताना शीर सापडेना, दोनदा टोचावं लागलं, पण हूं की चूं नाही. गाडीची वाट बघत बसलो होतो म्हणून मी ठरवलं, आज सांगायचंच. मायाप्पाही शेजारी होते. कण कसा थांबतो, कसा नाहीसा होतो, त्याचं वजन कसं उजेड होतं, सगळं सांगितलं. रोग साखर हपापल्यासारखी खातो, म्हणून औषध साखरेत घालून देतात, म्हणून रोग असेल तिथून जास्त उजेड येतो, हेही.

तानाबाईंनी विचारलं, "मंजी माजंच वजान जळतंय व्हय गं?"

"होय आजी. थोडं औषधाचं, थोडं तुमचं. पण इतकं कमी की कुठल्याच तराजूवर दिसायचं नाही."

"जळू दे. हाय त्यातलंच जातंय." मग मालकांकडं बघून म्हणाल्या, "ऐकलं का? माज्यात बी उजेड हाय म्हनं."

मायाप्पा म्हणाले, "मला म्हाईत हाय की. लगीन झाल्यापास्नं चटकं बसत्यात." दोघंही हसले. बाकीचे तीन पेशंटही हसले. सगळ्या सकाळीत तेवढंच काय ते बरं झालं.

मग चनबसप्पाचा फोन. उमरग्याच्या अलीकडं टायर फुटलं. स्टेपनीतही हवा नाही! औषध आणणाऱ्या गाडीच्या स्टेपनीत हवा नाही, आणि ते कुणी बघायचं? कुणीच नाही. गेल्या महिन्यात मी तोंडानं सांगितलं होतं दिग्विजयला, ही गाडी बदला. "बघू" म्हणाला.

गाडी आली तेव्हा मोजलं. एका माणसापुरतं. एकाच.

सर म्हणाले, "एक होईल. बाकीच्यांना सोमवारी बोलवा." मी बरं म्हटलं आणि तानाबाईंना उठवायला निघाले, तर दारात दिग्विजय. मागं ट्रस्टींची सून. वैजयंती मॅडम. आज त्यांचं नावच नव्हतं! डोळ्यांवर काळा चष्मा, आत खोलीत आल्यावरसुद्धा. बसल्या, फोन काढला, वर बघितलं नाही. फक्त "किती वेळ लागेल?" असं विचारलं. दोन मिनिटांनी परत, "किती वेळ लागेल?" जसं काही आम्ही पार्लरवाले.

दिग्विजय सरांना म्हणाला, "मॅडमचं रूटीन चेकिंग आहे, उरकून घ्या. त्यांना संध्याकाळी पुण्याला जायचंय."

मी म्हटलं, "सर, तानाबाईंचा पहिला नंबर आहे. तुमची सही आहे. आणि उरलेला डोस बारीक माणसालाच नीट पुरेल. मॅडमचं वजन दुप्पट आहे."

"मशीनवर वेळ वाढवा की," दिग्विजय म्हणाला. हे त्याला कुठून कळलं कोण जाणे. डोस कमी असला तरी वेळ वाढवून होतं खरं, थोडंफार. सरांनाही ते माहीत होतं. सर चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "हं. बघा, कसं जमतंय." आणि फोन आल्यासारखं करून केबिनमध्ये निघून गेले.

बघा! कुणी बघायचं? मी सत्तावीस वर्षांची, करकंबहून आलेली, महिन्याच्या पगारावर खोली भाड्यानं घेऊन राहणारी बाई. माझ्यावर टाकून हा माणूस दार लावून घेतो!

मग मी बघितलं.

तानाबाईंना हाताला धरून इंजेक्शनच्या खोलीत नेलं आणि आतून कडी लावली. दिग्विजयनं दार वाजवलं. "वैष्णवी! वैष्णवी, ऐकू येतंय का?" येत होतं. शिशाच्या आडोशामागून सिरिंज उचलली, हात अजिबात हलला नाही. तानाबाई घाबरून म्हणाल्या, "पोरी, भाईर कायतर गडबड हाय." म्हटलं, "आपलं काही नाही आजी. हात सैल सोडा."

दिलं. सगळं. थेंब ठेवला नाही.

तासभर त्यांना अंधाऱ्या खोलीत निजवलं, बोलायचं नाही, हलायचं नाही. मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. जाताना वैजयंती मॅडम माझ्यासमोर थांबल्या. वाटलं, आता बोलणार. मी तयारच होते, सगळं तोंडावर होतं माझ्या! पण त्यांनी काहीच म्हटलं नाही. दाराकडं बघितलं, आत तानाबाई होत्या तिकडं, आणि निघून गेल्या. एवढा माज! एक शब्दही खर्च करायचा नाही आमच्यावर.

सगळ्यांच्या अंगात ऊर्जा असते, किलोला किलो सारखी. ट्रस्टींच्या सुनेच्या किलोत तिळभर जास्त नसते. हे कुणीतरी त्या दिग्विजयच्या कपाळावर गोंदवायला हवं.

७ फेब्रुवारी

अपेक्षेप्रमाणेच.

दिग्विजय: "तुला कळतं का कुणाला परत पाठवलंस?" मी: "कळतं. नंबर नसलेल्या पेशंटला." दिग्विजय: "काका काल जेवले नाहीत." काका म्हणजे ट्रस्टी. ते जेवले नाहीत! आणि दोन वेळा उपाशी परत गेलेली बाई?

माफी लिहून द्यायची, नाहीतर उद्यापासून यायचं नाही. म्हटलं, येत नाही. बॅज काढून टेबलावर ठेवला. मंजुनाथ सर समोरच बसले होते. टेबलावरची पिन उचलली, ठेवली, उचलली. एवढा शिकलेला माणूस, आणि पिनेशी खेळत बसला. दिग्विजयपेक्षा मला त्यांचाच राग जास्त आला. दिग्विजयला समजत नाही. ह्यांना सगळं समजतं.

९ फेब्रुवारी

आईचा फोन. सुट्टी आहे म्हणून सांगितलं. "मग ये की गावाला. ऊस तोडायला आलाय, रस पिऊन जा." जावंसं वाटलं. पण आईनं चेहरा बघितला की दोन मिनिटांत ओळखेल.

दिवसभर भवानी पेठेतल्या ह्या खोलीत. खालच्या मजल्यावर टॉवेलचे माग चालू. भिंतीला पाठ टेकली की खडखड पाठीत शिरते. आज ती बरी वाटली. आपल्याऐवजी कुणीतरी आदळआपट करतंय!

११ फेब्रुवारी

सरांचा फोन. आधी इकडचं तिकडचं. मग म्हणाले, "तानाबाईंचा रिपोर्ट स्वच्छ आहे. कुठंच काही नाही."

मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"गुरुवारी ये. मी बोललोय त्यांच्याशी. तुझ्याशिवाय मशीन चालवायला कुणी नाही," म्हणाले.

म्हणजे मी बरोबर होते म्हणून नाही. दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून! विचारलं, "सर, त्या दिवशी तुम्ही केबिनमध्ये का गेलात?" आधी म्हणाले, फोन आला होता. मग म्हणाले, "मला दोन मुली आहेत, वैष्णवी." हे काय उत्तर झालं? मलाही आईबाप आहेत. तानाबाईंनाही कुणीतरी असेल. ज्याला त्याला कुणीतरी असतंच.

जाणार आहे मात्र. माफी लिहून देणार नाही.

१३ फेब्रुवारी

तानाबाई आणि मायाप्पा रिपोर्ट न्यायला आले. सरांनी सांगितल्यावर तानाबाईंना खरंच वाटेना. माझ्याकडं आल्या. "पोरी, उजेड कुटंच दिसला न्हाई म्हनं. मंजी इझला का काय मी?"

म्हटलं, "नाही आजी. मेंदूत दिसला, काळजात दिसला. जिथं असायला पाहिजे तिथं सगळीकडं. नको तिथं नाही."

मग रडल्या. मायाप्पांनी पटक्याच्या टोकानं आधी त्यांचे डोळे पुसले, मग स्वतःचे. पिशवीतून हुलगे काढून दिले, दोन किलो तरी असतील. "शिजवून माडगं करून पी. अंगात ताकद येती." दिग्विजय लांबून बघत होता. मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "या हं बाबा, परत सहज या!"

अख्ख्या आठवड्यात पहिल्यांदा नीट जेवले. माडगं जमलं नाही, गुठळ्या झाल्या. तरी सगळं संपवलं.

२७ फेब्रुवारी

नवीन गाडी नाहीच. स्टेपनीत हवा भरली तेवढी. चनबसप्पा म्हणतो, ती बी मीच भरली.

वैजयंती मॅडमची नवी तारीख नाही. तीन गुरुवार गेले. दिग्विजयला विचारलं, "मॅडम येणार आहेत का?" "तुला काय करायचंय?" म्हणाला. खरंच की, मला काय करायचंय! पुण्याला करून घेतला असेल. नाहीतर मुंबईला. त्यांना कुठं एसटीनं जायचंय? त्यांच्यासाठी सगळीकडं पहिला नंबर मोकळा असतो.

तानाबाईंच्या जागी त्या दिवशी मी त्यांना घेतलं असतं तर आज झोप लागली नसती. आता लागते. शांत लागते.

१७ मार्च, सोमवार

गाडी वेळेवर. पाचपैकी पाच झाले!! सर म्हणाले, "चांगलं काम." मी पुढची फाइल उघडली. अजून माझा राग गेलेला नाही आणि जायला नकोच आहे. राग गेला की माणूस पिना उचलून ठेवायला लागतो.

२४ एप्रिल, गुरुवार

आज त्या आल्या. वैजयंती मॅडम. एकट्या, रिक्षानं. नंबर लावून. मी फाइल उघडली. गळ्यात गाठ, डिसेंबरपासून. रूटीन काही नव्हतंच. त्यांनीच सांगितलं, फेब्रुवारीतला स्कॅन झाला नाही तेव्हा सासूबाई म्हणाल्या, देवानंच टाळलं, आता कशाला परत जायचं. मग काढे, अंगारे. सुई घेताना माझा हात घट्ट धरला होता. विचारलं, "त्या दिवशीच्या आजी कशा आहेत?" म्हटलं, बऱ्या आहेत. "बरं झालं," म्हणाल्या. अगदी मनापासून.

पडद्यावर गळा, छाती, काख, पोट, कमरेचं हाड. सगळीकडं उजेड.

सर माझ्या मागं उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "फेब्रुवारीत आल्या होत्या ना ह्या?"

म्हटलं, "हो. आल्या होत्या."